तंबी, ॲश ट्रे!

चेन्नईत वेटरला 'तंबी' म्हणून हाक मारतात. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मराठीत तंबी म्हणजे ताकीद. बारमध्ये गेलं की दोन्ही एकदम भेटतात. एक भिंतीवर टांगलेली असते, दुसरा तिच्याखाली धुरात उभा असतो.

पहिलीला कुणी जुमानत नाही. दुसऱ्याला कुणी विचारत नाही.

मागे चेन्नईला गेलो होतो. टी नगरच्या बाजूला एका हॉटेलच्या बारमध्ये बसलो. नाव सांगत नाही. सांगून उपयोग नाही, कारण तुम्ही ज्या बारमध्ये बसता त्याचंही वर्णन हेच असणार. भिंतीवर फलक, 'धूम्रपान निषिद्ध'. फलकाच्या बरोबर खाली चौघांचं टेबल. चौघांच्या हातात सिगारेट. फलकावर तळाशी एक ओळ असते : तक्रार अमुक यांच्याकडे करावी. नियमानेच असते. इथेही होती.

फक्त 'अमुक'ची जागा कोरी होती.

चौघांतल्या एकाने आवाज दिला, "तंबी, ॲश ट्रे!" आता कायद्याने धूम्रपानबंदीच्या जागी ॲश ट्रे, काडेपेटी, लायटर असलं काहीही ठेवायला मनाई आहे. तंबी धावत गेला आणि घेऊन आला. मी म्हटलं, झाला कायदेभंग! निरखून पाहिलं तर कायदा शाबूत होता.

वाटी सांबाराची होती.

तंबी आसामचा निघाला. चेन्नईतले निम्मे तंबी आता ब्रह्मपुत्रेकाठचे नाहीतर महानदीकाठचे असावेत, असं वाटण्याइतके भेटतात. ड्यूटी किती? बारा तास. सिगारेट ओढतोस? त्याने मान ताठ केली. "नाही सर, कधीच नाही." पोराला अभिमान होता. त्याचा भ्रम कशाला मोडा?

तो ओढतो. फक्त विकत घेत नाही.

आपल्याकडे सुंठीवाचून खोकला जातो. तिथे सिगारेटीवाचून येतो.

'खाई त्याला खवखवे' म्हणणाऱ्या पूर्वजांनी जग बरंच पाहिलं असेल, पण ते बारमध्ये नक्कीच गेले नसावेत. इथे खाई एक, खवखवे दुसऱ्यालाच. आणि तो दुसरा वर विचारतो, "सर, आणखी काही?"

सरकारी मराठीत या प्रकाराला 'निष्क्रिय धूम्रपान' म्हणतात. बारा तास ट्रे उचलून पळणारा निष्क्रिय. खुर्चीत रेलून, पाय पसरून झुरके घेणारा सक्रिय. असा शब्द घडवणारा अधिकारी स्वतः कोणत्या गटातला, हे सांगायला हवं का?

विज्ञान काय म्हणतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकला. म्हणजे 'कदाचित', 'बहुधा' वगैरे नाही. नक्की. याच गटात ॲस्बेस्टॉस आहे. ॲस्बेस्टॉस हाताळणाऱ्या कामगाराला मास्क द्यावा लागतो. धूर हाताळणाऱ्या तंबीला?

त्याला बो टाय देतात.

आणखी एक गंमत. खोलीतला बहुतेक धूर ओढणाऱ्याच्या तोंडातून येतच नाही. तो दोन झुरक्यांच्या मध्ये नुसत्या जळणाऱ्या टोकातून येतो. ओढणाऱ्याच्या ओठाशी फिल्टर असतो. जळत्या टोकाला कसलाच नसतो. म्हणजे पैसे मोजणाऱ्याला गाळलेला धूर आणि फुकट्याला न गाळलेला.

बाजाराचा नियम आहे हा. फुकटच्या मालाला गॅरंटी नसते.

आता कायद्याकडे येऊ. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा चाप लावला तो २ नोव्हेंबर २००१ रोजी. याचिका आपल्या मुंबईच्या मुरली देवरांची. बंदीच्या यादीत सभागृहं, दवाखाने, शाळा-कॉलेजं, कोर्टकचेऱ्या, सरकारी कार्यालयं, रेल्वे आणि ग्रंथालयं. हॉटेल? बार? यादीत नव्हते. ज्या ग्रंथालयात कुणी फिरकत नाही तिथली हवा शुद्ध झाली.

मग आलं २००३. दिल्लीत तंबाखूचा केंद्रीय कायदा झाला. तमिळनाडूने तर त्याआधीच स्वतःचा धूम्रपान आणि थुंकणेबंदी कायदा करून ठेवला होता. आणि त्याच २००३ च्या नोव्हेंबरात तमिळनाडू सरकारने किरकोळ दारूविक्री आपल्या 'टास्मॅक' महामंडळाच्या हाती घेतली. दुकान सरकारचं. दुकानाला जोडलेला बार लिलावात बोली लावणाऱ्याचा. कायदा सरकारचा. महसूल सरकारचा.

बारमधला धूर तेवढा बेवारस.

सरकारी दुकानाला चिकटलेल्या बारमध्ये सरकारी कायदा मोडला तर सरकारी माणसाने कुणाला पकडायचं? प्रश्न अवघड आहे. म्हणून कुणी सोडवायला घेत नाही.

हॉटेल, बार, पब, डिस्कोथेक हे सगळे बंदीत स्पष्टपणे आले ते २ ऑक्टोबर २००८ पासून. गांधीजयंतीचा मुहूर्त. केंद्रीय आरोग्यमंत्री होते डॉ. अंबुमणी रामदास. तमिळनाडूचेच, चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर. नियम लागू होऊ नयेत म्हणून सिगारेट कंपनी आणि हॉटेलवाल्यांची संघटना कोर्टात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली. डॉक्टरमंत्री जिंकले. टाळ्या!

थांबा. टाळ्या जरा हळू. मूळ कायद्यातच एक पळवाट ठेवलेली होती. तीस किंवा अधिक खुर्च्यांचं रेस्टॉरंट असेल, तीस खोल्यांचं हॉटेल असेल, तर तिथे धूम्रपानाची वेगळी जागा चालेल.

म्हणजे एकोणतीस खुर्च्यांच्या खानावळीत धूर घातक. तिसावी खुर्ची आणून टाका, झाला सुसह्य. वैद्यकशास्त्रात फर्निचरचा हा उपयोग आजवर कुणाच्या लक्षात आला नव्हता.

कायद्याने खुर्च्या मोजल्या. उभे असलेले मोजायचे राहून गेले.

वेगळी जागा म्हणजे कशी? चारही बाजूंना छतापर्यंत भिंती. आपोआप बंद होणारं दार. धूर इमारतीच्या बाहेर फेकणारी यंत्रणा, आत हवेचा दाब कमी. वाचताना वाटतं अणुभट्टीचं वर्णन आहे. प्रत्यक्षात? काचेचा अर्धा पडदा, कोपऱ्यात एक एक्झॉस्ट फॅन, त्यावर पाच वर्षांची काजळी.

फॅन फिरत असतो. धूरही फिरतो. बाहेर मात्र दोघांपैकी कुणी जात नाही.

या जागेत कुठलीही सेवा द्यायची नाही, असाही नियम आहे. आधी शब्द होते 'दुसरी कुठलीही सेवा नाही'. त्या 'दुसरी'वरून मुंबईचे हुक्केवाले सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले आणि २०१४ साली जिंकले. मग २०१७ मध्ये केंद्राने शब्द बदलले : कोणतीच सेवा नाही. उत्तम! कागदावर तंबी त्या खोलीतून बाहेर आला.

मग आत ग्लास कसे पोचतात? चालत जात असतील. राख कोण उचलतं? वारा. आणि हॉटेलातल्या स्मोकिंग रूमची चादर सकाळी बदलतं कोण? पडद्यात मुरलेला, गादीत बसलेला, कार्पेटमध्ये रुतलेला तो शिळा धूर कुणाच्या नाकात जातो? नियमात पाहुण्याच्या सोयीसाठी दारावर पाटी लावायला सांगितलं आहे. झाडूवाल्या पोरासाठी काही सांगितलेलं नाही.

त्याला वाचता येत नसेल, असं धरून चाललेत बहुधा.

आता दंड. दोनशे रुपयांपर्यंत. २००३ मध्येही दोनशे, आजही दोनशे. या काळात इडली महागली, रिक्षा महागली, सिगारेट तर कैक पटींनी महागली. वीस सिगारेटींचं बऱ्यापैकी पाकीट आज दंडाहून महाग पडतं. म्हणजे गुन्हा करण्याचा खर्च जास्त, पकडलं जाण्याचा कमी.

या देशात दुसरी कुठली गोष्ट इतकी वर्षं स्वस्त राहिली आहे, सांगा बरं?

शेजारच्या कर्नाटकाने २०२५ मध्ये हा दंड हजारापर्यंत नेला. केंद्रानेही २०२१ च्या जानेवारीत एक मसुदा लोकांपुढे ठेवला होता. दंड दोन हजार, हॉटेल-रेस्टॉरंटांची धूम्रपानाच्या जागेची सवलत रद्द. हरकती मागवल्या. हरकती आल्या. मसुदा गेला तो गेला.

धुरासारखाच. कुठे विरला, कळलं नाही.

अंबुमणी रामदासांचं नाव निघालं की चेन्नईत दुसरं नाव निघतंच. रजनीकांत. म्हणजे आपले शिवाजीराव गायकवाड. हवेत उडवून ओठात झेललेली ती सिगारेट! २००२ मध्ये 'बाबा' आला तेव्हा अंबुमणींचे वडील एस. रामदास यांचा पक्ष तिच्यावर तुटून पडला. थिएटरांवर राडे झाले, रिळं पळवली गेली. पुढे तर देशभर नियम आला, पडद्यावर सिगारेट दिसली की कोपऱ्यात इशारा. आज तमिळ असो की मराठी, नायकाने काडी ओढली की इशारा हजर.

पण साहेब, पडद्यावरच्या सिगारेटचा धूर पडद्याबाहेर येत नाही हो! थिएटरमागच्या बारमध्ये जो येतो, त्याच्यासाठी किती रिळं पळवली?

अर्थात गायकवाडांच्या झुरक्याचा फोटो छापून येतो. तंबीच्या खोकल्याचा कोण छापणार?

चेन्नईच्या हॉटेलांची आणखी एक कथा आहे, ती तर कुणा कादंबरीकाराला सुचली नसती. १९१० मध्ये कोलकात्यात एक कंपनी निघाली, इंपीरियल टोबॅको. तीच आजची आयटीसी. या कंपनीला हॉटेलांच्या धंद्यात उतरावंसं वाटलं तेव्हा तिने पहिलं हॉटेल कुठे घेतलं? मद्रासला, १९७५ साली. नाव दिलं चोला. आज त्याच शहरात तिचं भव्य 'ग्रँड चोला' उभं आहे. २०२५ पासून हॉटेलांची वेगळी कंपनी झाली, चाळीस टक्के वाटा सिगारेटवाल्या कंपनीकडेच आहे.

सिगारेट बनवणारा आणि पाहुण्याची उशी झटकणारा एकाच घरातला. याला म्हणतात आदरातिथ्य.

आणि या आयटीसीत मोठा भागधारक कोण? आपलं आयुर्विमा महामंडळ. पंधरा टक्क्यांच्या आसपास. एका हाताने विडीकाडीवाल्याकडून जास्त हप्ता घ्यायचा, दुसऱ्या हाताने विडीकाडीचा लाभांश.

जगला तरी फायदा, मेला तरी. विमा म्हणतात तो हाच.

तमिळनाडूवर अन्याय नको. कामगारांसाठी हे राज्य पुष्कळ करतं. २०२१ मध्ये त्यांनी दुकान-आस्थापना कायदा सुधारून कामगारांना बसायचा हक्क दिला. दिवसभर उभ्या असणाऱ्या विक्रेत्या मुलींसाठी स्टूल ठेवणं सक्तीचं झालं. केरळनंतर असं करणारं दुसरं राज्य. मनापासून अभिनंदन.

बसायचा हक्क मिळाला. आता श्वास घ्यायचा कधी?

हुक्क्याचंही तसंच. २०२२ मध्ये तमिळनाडू विधानसभेने हुक्का बारवर बंदीचं विधेयक मंजूर केलं. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. एकाच बारमध्ये, एकाच टेबलावर, एकाच तंबीच्या नाकात जाणारा धूर नळीतून आला तर तुरुंग, कागदाच्या सुरळीतून आला तर दोनशे रुपये.

फुप्फुसाला पावती वाचता येत नाही, हीच अडचण.

आपण महाराष्ट्रात बसून चेन्नईला नावं ठेवावीत, असं काही नाही. आपला हुक्का बंद झाला २०१८ मध्ये. कधी सुचलं? २०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरच्या आगीत चौदा माणसं गेली आणि चौकशीत बोट हुक्क्याच्या निखाऱ्याकडे वळलं, तेव्हा. म्हणजे धुराने माणूस मरतो, हे पटायला आधी आग लागावी लागते.

धूर निघाला की आग शोधायची, असं शाळेत शिकवलं होतं. आपण आग विझवतो आणि धूर तसाच ठेवतो.

आणि परमिट रूम? तालुक्याच्या गावातली, एसटी स्टँडसमोरची, लाल बल्बवाली. दारावर 'फॅमिली रूम एसी', आत मच्छी फ्रायचा आणि विड्यांचा एकत्र धूर. तिथे 'धूम्रपान निषिद्ध' हा फलक भिंतीला पडलेली भेग झाकायला लावतात. वाढणारा पोऱ्या? तो दिवसा मोरीवर असतो, रात्री टेबलावर. त्याला तंबी म्हणत नाहीत, इतकाच फरक.

त्याला 'ए' म्हणतात.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केलेल्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीचा एक आकडा सांगतो. बंद जागेत काम करणाऱ्या प्रौढांपैकी ३०.२ टक्क्यांना कामाच्या ठिकाणी दुसऱ्याचा धूर घ्यावा लागतो. त्याच पाहणीत रेस्टॉरंटमध्ये धुराला सामोरे गेलेले किती? ७.४ टक्के. हॉटेलवाले हा दुसरा आकडा आनंदाने दाखवतील. पण त्यात मोजला आहे तो जाऊन येणाऱ्याचा धूर.

जाऊन येणारा तासाभराने घरी जातो. तिथेच राहणाऱ्याचं काय?

जगात कुणी विचारलं नाही असं नाही. अमेरिकेत विमानातल्या हवाई सुंदऱ्या १९९१ मध्ये सिगारेट कंपन्यांविरुद्ध कोर्टात गेल्या. स्वतः न ओढता आजारी पडलेल्या. १९९७ मध्ये तडजोड झाली, संशोधनासाठी तीस कोटी डॉलर. कॅनडात हीदर क्रो नावाची वेटर होती. चाळीसेक वर्षं टेबलं सांभाळली, एकही सिगारेट ओढली नाही आणि २००२ मध्ये फुप्फुसाचा कर्करोग निघाला. तिने नुकसानभरपाई मागितली आणि कामगार मंडळाने मान्य केलं : हा आजार कामावरून आला. ती २००६ मध्ये गेली, पण देशभर फिरून कायदे बदलायला लावून गेली.

आपल्याकडे कामगार संहिता आल्या. २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झाल्या. धंद्यातून जडणाऱ्या आजारांची यादी आहे त्यांत. शिसं आहे, पारा आहे, सिलिकॉसिस आहे, ॲस्बेस्टॉस आहे. वेटरचा धूर नाही.

बरोबरच आहे. त्याला आजार म्हटलं तर धंदा कशाला म्हणायचं?

आणि आयर्लंड! ज्या देशाची ओळखच पब, त्या देशाने २९ मार्च २००४ रोजी पबसकट सगळ्या बंद कामाच्या जागी धूम्रपान बंद केलं. जगात पहिल्यांदा. ओरड झाली, पब ओस पडतील, संस्कृती बुडेल. आरोग्यमंत्री मीहॉल मार्टिन यांनी एकच धोशा लावला : हा गिऱ्हाइकाच्या शिस्तीचा प्रश्न नाही, पबमध्ये काम करणाऱ्याच्या आरोग्याचा आहे. लोक सिगारेट घेऊन दाराबाहेर गेले. पावसात उभं राहून ओढली. परत आत येऊन बिअर प्याले.

संस्कृती भिजली. बुडाली नाही.

त्याच २००४ च्या फेब्रुवारीत भारतानेही जागतिक तंबाखू नियंत्रण करारावर शिक्कामोर्तब केलं होतं. त्याच्या आठव्या कलमात पहिल्या झटक्यात शब्द आहेत 'बंद कामाच्या जागा'. आयर्लंडने कलम वाचलं. आपण सही कुठे करायची तेवढं पाहिलं.

सगळी मेख इथेच आहे. आपल्याकडे सिगारेटचा धूर हा शिष्टाचाराचा विषय आहे. शेजारच्या टेबलावरची बाई नाक मुरडते का, लहान मूल आहे का, कुणी तक्रार केली का. गिऱ्हाइकाने तक्रार केली तर मॅनेजर धावत येतो, 'सॉरी सर' म्हणतो. तंबीने तक्रार केली तर?

मॅनेजर तेव्हाही धावत येतो. दुसरा तंबी शोधायला.

यंत्राजवळ काम करणाऱ्याचा हात कापला गेला तर कारखान्याचा दोष. बारमध्ये काम करणाऱ्याचं फुप्फुस गेलं तर त्याचं नशीब. का? कारण हात कापला जाताना रक्त दिसतं. फुप्फुस वीस वर्षं सवडीने जातं. तोवर बारचं नाव बदललेलं असतं, मालक बदललेला असतो, पोरगा गावी परतलेला असतो. आणि तिथला डॉक्टर विचारतो, "दिवसाला किती ओढायचास?"

तो सांगतो, "एकही नाही." डॉक्टरला ते खोटं वाटतं.

असो. मी बिल मागवलं. त्यात सगळं होतं. पदार्थ, पेय, कर, वर 'सेवा शुल्क'. बारकाईने पाहिलं, धुराचा आकार कुठेच लावलेला नव्हता. इतकं सगळं मोजणाऱ्या हॉटेलवाल्याने तेवढंच कसं सोडलं, असं वाटलं. मग लक्षात आलं.

तो गिऱ्हाइकाकडून घेतच नाहीत. कर्मचाऱ्याकडून घेतात.

निघताना पुन्हा फलकाकडे लक्ष गेलं. तक्रार अमुक यांच्याकडे करावी, पुढे कोरी जागा. तंबीला विचारलं, "अरे, इथे नाव कुणाचं?" तो गडबडला. खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. त्याला वाटलं, मलाच काही लिहायचंय.

पेन हातात घेतलं खरं. पण तिथे तक्रार ऐकणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. असं नाव मला अजून सापडलेलं नाही.

मागून आवाज आला, "तंबी, ॲश ट्रे भरला!" तो पेन माझ्याच हातात सोडून पळाला.